गुणपत्रिकेतलं 'डिक्शन' म्हणजे नेमकं काय? उच्चार की शब्दांची निवड?

गावभाग_सांगली

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात सांगलीत एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेचं परीक्षण करायचं आहे. गट आठवी ते दहावी, वेळ ५ मिनिटं. गुणपत्रिका अशी: विषयमांडणी ३०, डिक्शन २०, आत्मविश्वास २०, देहबोली १५, वेळेचं भान १५. उच्चारांना वेगळा रकाना नाही, भाषेलाही नाही. आयोजक म्हणतात, "डिक्शन म्हणजे उच्चार हो, दुसरं काय!" सोबतच्या परीक्षक बाई म्हणतात, डिक्शन म्हणजे भाषासौंदर्य. दोघांनी दोन अर्थ धरून गुण दिले तर मुलांवर अन्याय होणार.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खरा अर्थ कोणता? २० गुण कसे फोडायचे? आणि जत, शिराळा, कवठेमहांकाळकडची मुलं 'पानी', 'न्हाई', 'हाय' म्हणतात, त्याचे गुण कापायचे का? शिवाय शाळांना तयारीसाठी दोन पानांची टिपण द्यायची आहे, तेव्हा सरावाचं काही ठोस सांगितलंत तर बरं होईल.

वाचिक

दोघंही बरोबर आहेत, म्हणून तर घोळ आहे. शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ 'बोलणे, सांगणे'. डिक्टेशन आणि डिक्शनरी ही त्याचीच भावंडं. लिहिणाऱ्यांच्या जगात डिक्शन म्हणजे शब्दयोजना. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेचे सहा घटक सांगितले, त्यातल्या भाषेच्या घटकाला इंग्रजीत हाच शब्द वापरतात. गाणारे आणि रंगभूमीवाले मात्र डिक्शन म्हणतात तेव्हा त्यांना शब्द स्वच्छ ऐकू येणं अभिप्रेत असतं. मराठीत दोन्हींना पुरेल असा एक शब्द रुळलेला नाही. एकाला 'शब्दोच्चार' किंवा 'शब्दफेक' म्हणा, दुसऱ्याला 'शब्दयोजना'. कवितेबद्दल बोलताना 'शब्दकळा' चालतं, पण दहावीच्या मुलाच्या भाषणाला ते जरा भरजरी होईल.

कुठल्या अर्थी वापरलंय हे ओळखायला शेजारचे रकाने बघायचे. 'उच्चार' वेगळा असेल तर डिक्शन म्हणजे शब्दयोजना. 'भाषा' वेगळी असेल तर डिक्शन म्हणजे उच्चार. तुमच्याकडे दोन्ही नाहीत, म्हणजे दोन्ही याच रकान्यात बसवायचे.

मी १२ + ८ असे फोडेन. उच्चार आणि शब्दफेकीला १२, शब्दयोजनेला ८. उच्चाराला जास्त का? या वयोगटातली निम्मीअधिक भाषणं सर, बाई किंवा आई-वडील लिहून देतात. शब्दयोजनेचे गुण कुणाला देतोय तेच कळत नाही. तोंड मात्र मुलाचं स्वतःचं असतं.

१२ ची फोड: अक्षरं स्वच्छ ५, वाक्याचा शेवट ऐकू येणं ४, योग्य जागी थांबणं ३. वाक्याच्या शेवटाला ४ बघून दचकू नका. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकारही शेवटीच. "हा निर्णय आम्हाला मान्य नाही" या वाक्यात 'नाही' गिळलं गेलं की ऐकणाऱ्याला उलटाच अर्थ पोचतो. इंग्रजीत नकार वाक्याच्या मध्यावरच येऊन जातो, आपल्याकडे पार शेवटच्या शब्दापर्यंत वाट बघावी लागते. आणि नेमकं तिथेच श्वास संपलेला असतो, सूरही उतरलेला असतो.

थांबण्याचंही तसंच. "तो म्हणाला, नाही" आणि "तो म्हणाला नाही" यांत फरक फक्त अर्ध्या सेकंदाच्या विरामाचा आहे.

तालव्य_दंत्य

वाचिक यांच्याशी सहमत. 'अक्षरं स्वच्छ' या ५ गुणांत काय काय तपासायचं ते सांगतो, नाहीतर परीक्षक फक्त 'श' आणि 'स' ऐकत बसतात.

सगळ्यात आधी च, ज, झ. मराठीत यांचे दोन उच्चार आहेत आणि लिपीत चिन्ह एकच. 'चंद्र', 'जन्म', 'चर्चा' यांत जीभ टाळूला लागते. 'चाक', 'जमीन', 'झाड' यांत जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी जातं. चुकलं की अर्थ बदलतो. 'वाचा' म्हणजे वाणी हा टाळूचा 'च', आणि 'वाचा' म्हणजे पुस्तक वाचा हा दातांकडचा. तसंच 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा. 'जरा' म्हणजे म्हातारपण आणि 'जरा' म्हणजे थोडं.

मुलांना पुरतील असे दोन ठोकताळे:

इ, ई, ए किंवा य पुढे आला की उच्चार नेहमी टाळूचा. म्हणून 'माझा' दातांकडचा पण 'माझी', 'माझे', 'माझ्या' टाळूचे. 'उंच' दातांकडचा, 'उंची' टाळूचा. 'चिंचेचा' या एका शब्दात तीन च आहेत. पहिले दोन टाळूचे, तिसरा दातांकडचा. सरावाला याहून चांगला शब्द नाही.

दुसरा: संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द टाळूचे (चरित्र, जनता, विचार, समाज), फारसी-अरबी वाटेने आलेले बहुधा दातांकडचे (जमीन, हजार, गरज, आवाज). 'जागा' दातांकडचा, 'जागृती' टाळूचा. भाषणात 'समाजात' आणि 'जनजागृती' हटकून येतात आणि तिथेच मुलं दातांकडचा 'ज' लावतात. उलटी चूक इंग्रजी माध्यमाच्या मुलांची. ती 'चांगला', 'जरी', 'माझा' सगळं टाळूने म्हणतात.

मग महाप्राण, म्हणजे ह मिसळलेली घ, ध, भ सारखी अक्षरं. 'दूध' चं 'दूद', 'वाघ' चा 'वाग', 'जीभ' ची 'जीब' होते. शब्दाच्या सुरुवातीला महाप्राण टिकतो, शेवटी हवा संपते. तळहात तोंडापासून चार बोटांवर धरायचा आणि 'वाग, वाघ, वाग, वाघ' असं म्हणायचं. 'घ' ला हवेचा फुंकर हाताला लागला पाहिजे.

फ बद्दल थोडं. 'फळ', 'फूल', 'फार' यांत दोन्ही ओठ मिटतात. 'फोन', 'फी' यांत वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. हल्ली सगळ्याच 'फ' ला दात लावायची लाट आली आहे. कानाला खटकतं.

जोडाक्षरांत स्पर्धेचं नावच पहिलं बळी जातं: 'वक्तृत्व' चं 'वक्रुत्व' होतं. वक् + तृत् + व असे तीन तुकडे करून सावकाश जोडायचं. 'महत्त्व' आणि 'उज्ज्वल' मध्ये व्यंजन दुप्पट आहे, तिथे जीभ क्षणभर अडली पाहिजे.

अनुस्वार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. 'संगम' मध्ये तो कंठातला, 'संत' मध्ये दातांचा, 'संप' मध्ये ओठांचा. पण 'संवाद', 'संयम', 'सिंह', 'संशय' यांत ओठ पूर्ण मिटत नाहीत आणि जीभही कुठे चिकटत नाही, आवाज नाकातून घसरत पुढे जातो. 'सम्वाद' आणि 'सन्शय' या दोन्ही चुकाच.

'ष' आणि 'श' मधला फरक आज बोलण्यात जवळजवळ उरलेला नाही. तिथे गुण कापू नका.

मळीकाठ

बोलीच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही म्हणून लिहितोय. बोली हा डिक्शनचा दोष नाही. दोष कधी? शब्द ऐकू आला नाही तर, किंवा भाषणाची पट्टी (प्रमाण की बोली) मध्येच बदलली तर. 'पानी न्हाई' हे दोन शब्द शेवटच्या रांगेत स्वच्छ पोचले तर उच्चाराचे पूर्ण गुण. 'पाणी नाही' म्हणताना 'ही' गिळली तर कापा.

जतच्या पूर्व भागात घरात कन्नड बोलणारी मुलंही स्पर्धेला येतात. त्यांचे आघात आणि स्वरांची लांबी वेगळी असते. त्यात अस्पष्ट काही नाही, फक्त आपल्या कानांना सवय नाही.

तालव्य_दंत्य

@मळीकाठ, तत्त्व मान्य, पण पूर्ण नाही. न आणि ण ची अदलाबदल अर्थ बिघडवते: मन-मण, सन-सण. ल आणि ळ चं तेच: काल-काळ, वेल-वेळ. प्रमाण मराठीत चाललेल्या भाषणात मध्येच 'सन साजरा केला' आलं तर ती बोली म्हणायची की चूक?

मळीकाठ

संदर्भाने कळतं हो, 'सन' कोण साजरा करतं? पण तुमचा मुद्दा पट्टी बदलण्याचा असेल तर आपण एकाच बाजूला आहोत. माझं म्हणणं इतकंच की पोराने अख्खं भाषण बोलीत केलं, किंवा निवेदन प्रमाण ठेवून आजीचं बोलणं बोलीत आणलं, तर ते ठरवून केलेलं आहे. उलट त्याला शब्दयोजनेचा एखादा गुण जास्त द्या. चूक म्हणायची ती नकळत घसरण. आणि गुणपत्रिकेवर आधीच लिहून टाका: "बोलीसाठी गुण कापले जाणार नाहीत, अस्पष्टतेसाठी कापले जातील." म्हणजे ऐनवेळी परीक्षकांत वाद नको.

कात्री_आणि_डिंक

आता ८ गुणांकडे येऊ, शब्दयोजनेकडे. 'भाषासौंदर्य' हा शब्द आधी खोडा. तो लिहिलात की मुलं अलंकार लादतात आणि वाक्याचा पोळ्यातला सजवलेला बैल होतो. शब्दयोजनेत तीनच गोष्टी बघायच्या: शब्द नेमका आहे का, त्याच्या शेजारच्या शब्दांशी त्याचं जमतं का, आणि प्रसंगाला शोभतो का.

नेमकेपणा. सांगलीत पुरावर भाषण होणारच. पावसाचं पाणी गटारात तुंबतं, खड्ड्यात साचतं, धरणात साठतं, जमिनीत मुरतं. पूर चढतो आणि ओसरतो. मुलं या सगळ्याला 'पाणी जमा झाले' म्हणतात. जमा पैसे होतात.

"२०१९ च्या महापुरात नागरिकांच्या मालमत्तेची अपरिमित हानी झाली." या वाक्यात चूक काही नाही, पण दिसत काहीच नाही. "पाणी पायरीवर आलं, मग उंबऱ्यावर, मग खिडकीच्या गजांना लागलं" यात एकही अवघड शब्द नाही आणि सगळं दिसतं. 'अपरिमित' ला गुण देणारे परीक्षक पुष्कळ असतात. तुम्ही त्यातले होऊ नका.

धंद्याचे शब्द हेही शब्दयोजनेतच येतात. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखाली ज्यात साठवायची त्याला 'पेव' म्हणतात. तिथे 'गोदाम' म्हटलं की चित्र मोडतं आणि 'खड्डा' म्हटलं की हळदीचा अपमान. शिवाय 'अमक्याचं पेव फुटलं' हा वाक्प्रचार ज्या तोंडी येतो, त्या मुलाला पेव म्हणजे काय हे माहीत असायला हवं. तसंच बेदाणा आणि मनुका. बेदाणा हा फारसी शब्द, अर्थच 'बिनबियांचा'. तेव्हा 'बिया काढलेला बेदाणा' हे वाक्य स्वतःलाच खातं.

शेजारधर्म. मराठीत शब्द जोडीने चालतात: निर्णय घेतात, शपथ घेतात, भूमिका मांडतात, आरोप करतात, खुलासा देतात किंवा करतात. 'आवाहन' आणि 'आव्हान' यांची अदलाबदल तर दर स्पर्धेत ठरलेली. आवाहन म्हणजे विनंती, आव्हान म्हणजे ललकारी. "मी तुम्हा सर्वांना झाडे लावण्याचे आव्हान करतो" हे ऐकून झाडंही बिचकतील.

शोभणं. एकाच घटनेला किती शब्द आहेत बघा: वारले, गेले, निधन झालं, देवाज्ञा झाली, दगावला, मेला. रुग्ण दगावतो, जनावर दगावतं, पण शेजारचे काका दगावले असं कुणी म्हणत नाही. बातमीत 'निधन', घरात 'गेले'. अर्थ तोच, पण बोलणारा आणि गेलेला यांच्यातलं अंतर प्रत्येक शब्दाने बदलतं. शब्दयोजना शिकवायला हा एक तक्ता पुरेसा आहे. 'नवरा, पती, यजमान, कारभारी, मिस्टर' हा दुसरा.

अजून एक. भाषण 'केलं, झालं' असं लिहायचं की 'केले, झाले'? लेखननियमांत औपचारिक लेखनासाठी एकारान्त रूप आहे, पण बोलायचं भाषण अनुस्वाराच्या रूपातच लिहून काढा. 'झाले' असं पाठ केलेलं पोर स्टेजवर तीन वाक्यं 'झाले' म्हणतं, चौथ्याला 'झालं' म्हणतं आणि मग दोन्हींच्या मध्ये लटकतं. मळीकाठ म्हणतात ती पट्टी बदलणं इथूनच सुरू होतं.

गावभाग_सांगली

फार उपयोगाचं लिहिलंत सगळ्यांनी. १२ + ८ दुसऱ्या परीक्षक बाईंनाही पटलं. आता सरावाबद्दल. शाळांच्या हाती तीन आठवडे आहेत. आणि स्पर्धा ज्या सभागृहात आहे तिथे वर पत्रा आहे, आवाज घुमतो. माईक स्टँडवरचा.

वाचिक

पहिला आठवडा कागदावर घालवा. मिनिटाला ११० शब्द धरले तर ५ मिनिटांचं भाषण साडेपाचशे शब्दांत बसलं पाहिजे. बहुतेक मुलांकडे साताठशे शब्द असतात. मग घाई होते, आणि घाईत पहिलं मरण जोडाक्षरांचं, दुसरं वाक्याच्या शेवटाचं. आधी कात्री लावा.

नंतर मुलाने पेन्सिलीने संहितेवर खुणा करायच्या. श्वासाच्या जागी एक उभी रेघ, मोठ्या विरामाला दोन, वाक्यात जोर द्यायच्या एकाच शब्दाखाली अधोरेघ (दोन शब्दांखाली नाही, दोघांवर जोर म्हणजे कुणावरच नाही), आणि दातांकडच्या प्रत्येक च, ज, झ खाली टिंब. टिंबं मुलानेच द्यायची, शिक्षकांनी नाही. टिंब देताना त्याला स्वतःला म्हणून बघावं लागतं, खरा सराव तोच. दोन रेघांमध्ये बारा-पंधरा शब्दांहून जास्त असतील तर वाक्य तोडा. या वयाच्या मुलाचा श्वास त्याहून लांब पुरत नाही.

दुसऱ्या आठवड्यात तोंड. पेन्सिल आडवी दातांत हलकेच धरून एक परिच्छेद वाचायचा, २ मिनिटं. मग पेन्सिल काढून तोच परिच्छेद. जीभ आणि ओठ जास्त काम करायला लागलेले असतात, ते लगेच ऐकू येतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पेन्सिल घट्ट चावणं. जबडा ताठरतो आणि फायद्याऐवजी तोटा होतो. पेन्सिलीवर दातांचे वळ उठले तर समजा चुकतंय. सर्दी-खोकला असेल तर हा सराव नकोच.

वाक्याच्या शेवटासाठी: प्रत्येक वाक्याचे फक्त शेवटचे तीन शब्द म्हणत जायचं. "...मान्य नाही आम्हाला" असं उलटं करून चालणार नाही, मूळ क्रमातच. मग शेवटचे सहा, मग पूर्ण वाक्य. कानाला शेवट भरीव ऐकायची सवय लागते.

तिसऱ्या आठवड्यात परीक्षा. वर्गाच्या शेवटच्या बाकावर असा एक मुलगा बसवा ज्याने भाषण कधी वाचलेलं नाही. बोलणाऱ्याने एक परिच्छेद म्हणायचा, त्याने ऐकलं तसं लिहून काढायचं. कागद ताडून बघा. जिथे शब्द सुटला किंवा बदलला तिथे डिक्शन कमी पडलं. मोबाईलवर रेकॉर्ड करून स्वतः ऐकण्यापेक्षा हे कितीतरी खरं, कारण स्वतःला आपले शब्द आधीच पाठ असतात.

घोकून गाण्यासारखं म्हणणारी मुलं भेटतीलच. 'पाणिनीय शिक्षा' या उच्चारशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात वाईट पाठकांचे सहा प्रकार दिलेत: गाऊन म्हणणारा, घाई करणारा, मान डोलावणारा, लिहिलेलं नुसतं वाचणारा, अर्थ न कळता म्हणणारा आणि बारीक आवाजाचा. तुमच्या टिपणात हे जसंच्या तसं टाका. पालक निमूट ऐकतात, कारण जुन्या ग्रंथातलं आहे.

खटका_बटण

माईकचं मी सांगतो. पत्र्याच्या हॉलमध्ये स्वर भिंतींवरून परत येतात आणि पुढच्या व्यंजनावर पडतात. म्हणून आवाज वाढवला तर आणखी गिचमिड होतं. आवाज तेवढाच ठेवायचा, वेग कमी करायचा, व्यंजनं कडक. मोठ्या विरामाला मनात एक-दोन मोजायचं, घुमलेलं शांत होऊ द्यायचं.

माईक तोंडापासून एक वीत, हनुवटीच्या उंचीवर, तोंडाच्या अगदी समोर नाही तर किंचित बाजूला. समोर धरला की प, फ, ब, भ ची हवा थेट जाळीवर आदळते आणि 'भारत' म्हटलं की धप्प ऐकू येतं. फार जवळ गेलं तर स, श ची शिट्टी होते. लांब गेलं तर हॉलचा घुमाराच जास्त. आठवीची मुलगी आणि दहावीचा मुलगा यांच्या उंचीत वीतभर फरक असतो, तेव्हा प्रत्येक स्पर्धकाआधी स्टँड कुणीतरी हलवायचं. हे काम एका माणसाला नेमून द्या, नाहीतर पोरं टाचा उंचावून बोलतात आणि श्वास छातीतच अडकतो.

कात्री_आणि_डिंक

@वाचिक, "मान्य नाही आम्हाला" ला तुम्ही नको म्हणता, पण घोषणेत तो क्रम उलट जास्त चालतो. नकार आधी आला की गिळायला जागाच उरत नाही.

वाचिक

घोषणेत चालेल, पाच मिनिटं तसंच बोललं तर मोर्चा होईल. पण खरं आहे, ज्या मुलाचं 'नाही' काही केल्या ऐकू येत नाही त्याच्या भाषणातलं एखादं महत्त्वाचं वाक्य तसं फिरवून द्यायला हरकत नाही. किंवा "मान्य नाही" ऐवजी "अमान्य आहे" करा. नकार शब्दाच्या तोंडाशी येतो, शेवटचा 'आहे' गेला तरी अर्थ शाबूत.

गावभाग_सांगली

'अमान्य आहे' ची युक्ती टिपणात घेतली. टिंबांची खूण, शेवटच्या बाकाची परीक्षा आणि 'चिंचेचा' हेही. स्टँड हलवायला शाळेचे शिपाईमामा तयार आहेत, फक्त वीत कुणाची धरायची ते विचारत होते.

खटका_बटण

बोलणाऱ्याची.